कावळ्यानं नेली

"मूल बोलत नाही ते चालेल आम्हाला," मगदूम सर म्हणाले. "पण तिला समज आहे का, तेवढं आज सांगा ताई. आहे तर आहे, नाही तर नाही. मला गोल गोल उत्तर नको."

बालसदनाच्या ओसरीवर खुर्ची होती, पण सर उभेच होते. तासगावच्या एका शाळेत ते कवायत शिकवत. बसण्याची सवयच नसावी. शनिवारची सकाळची शाळा आटोपून ते तसेच एसटीत चढले होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि गळ्यात निळ्या दोरीत ओवलेली पितळी शिट्टी. त्यांच्या पत्नी, हौसाताई, पायरीवर टेकल्या होत्या. आमच्या बोलण्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. त्या अंगणात बघत होत्या.

अंगणात कडुनिंबाखाली शेवंती उकिडवी बसली होती. मुंग्यांच्या रांगेत ती एक काडी आडवी ठेवायची. मुंग्या वळसा घालून पुढे निघाल्या की काडी उचलून परत त्यांच्या वाटेत ठेवायची, आणि मान वाकडी करून बघत राहायची.

"समज आहे सर," मी म्हणाले. "माझी खात्री आहे."

"खात्री कशावरनं?"

कारण सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

मी तेव्हा तेवीस वर्षांची होते. मानसशास्त्रात एम.ए. करून सांगलीतल्या त्या बालसदनात नुकतीच नोकरीला लागले होते. मुलांच्या बुद्धीच्या चाचण्या घ्यायच्या, त्यांच्याशी खेळायचं, कुणी एकाएकी मारकुटं झालं तर त्याला काय सलतंय ते शोधायचं, असं माझं काम. शेवंतीला ती तान्ही असताना कुणीतरी बसस्टँडच्या बाकावर ठेवून गेलं होतं. आता ती पाच वर्षांची व्हायला आली होती आणि तिच्या तोंडून आजवर कुणी एक शब्द ऐकला नव्हता. कान उत्तम. घसा उत्तम. पण ठोकळे पुढ्यात ठेवले की ती ठोकळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघत बसायची. चित्रं दाखवली तरी तेच. प्रत्येक चाचणीत भोपळा.

संस्थेचे डॉक्टर घैसास सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेले, पैसे न घेता येणारे, सरळ मनाचे गृहस्थ होते. त्यांनी तिला दोनदा तपासून मतिमंद ठरवलं होतं. सोमवारी गाडी येणार होती आणि शेवंतीला दूरच्या जिल्ह्यातल्या मतिमंद मुलांच्या वसतिगृहात घेऊन जाणार होती. तिथे गेलेलं मूल दत्तक मागायला कुणी येत नसे.

आणि नेमके आता हे मगदूम नवरा-बायको आले होते. पहिल्यांदा आले ते पाळण्यातलं बाळ बघायला. पण हौसाताई पाळण्यांच्या खोलीपर्यंत पोचल्याच नाहीत. वाटेत शेवंतीनं त्यांच्या पदराचं टोक धरलं आणि त्या थांबल्या. ते टोक तिनं सोडलं नाही आणि हौसाताईंनी सोडवूनही घेतलं नाही. त्यानंतर दोघं पुन्हा आली ती शेवंतीसाठीच.

"आमची वयं बघा," सर आवाज खाली आणून म्हणाले. "मी बेचाळीस, ही अडतीस. आमच्या मागं पोरीला कोण? अंगात समज असेल तर ती आपलं आपण बघेल. नसेल, तर आणखी एकदा एका लेकराला उघड्यावर टाकल्यासारखं होईल. ते पाप मला नको."

"आवं, समज हाय तिला," हौसाताई अंगणावरची नजर न काढता म्हणाल्या.

"तुला कसं कळलं?"

"मला कळतंय."

सरांनी माझ्याकडे बघितलं. दोन बायकांना खात्री होती आणि दोघींपैकी एकीलाही कारण सांगता येत नव्हतं.

डॉक्टर घैसास आत अधीक्षिका आरवाडेबाईंच्या खोलीत बसले होते. मी गेले तशी त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हेमांगी, तुझा जीव आहे तिच्यावर, ते दिसतंय मला," ते म्हणाले. "पण जीव असणं म्हणजे पुरावा नव्हे. मला काहीतरी दाखव. माझं म्हणणं मी या क्षणी मागे घेईन, मला त्यात काही कमीपणा वाटत नाही. पण दाखव."

"दाखवते," मी म्हणाले आणि जवळजवळ पळतच माझ्या खोलीत गेले.

माझ्याकडे एक खेळ उरला होता. परदेशात थोड्या वर्षांपूर्वी कुणी शास्त्रज्ञांनी तो लहान मुलांसाठी तयार केला होता. आमच्या प्राध्यापकांनी मला त्याबद्दल सांगितलं तेव्हा मला रात्रभर झोप लागली नव्हती. दोन बाहुल्या घ्यायच्या. माझ्याकडे होत्या ठकी आणि गंपू. ठकी आपली गोटी झाकणाच्या टोपलीत ठेवते आणि बाहेर जाते. ती नसताना गंपू गोटी काढून पत्र्याच्या डब्यात लपवतो. मग ठकी परत येते. आता मुलाला विचारायचं, ठकी गोटी कुठे शोधेल?

तुम्हीआम्ही म्हणू, टोपलीत. तिला बिचारीला काय माहीत गंपूनं काय केलं ते! पण तीन वर्षांचं मूल ठासून सांगतं, डब्यात. कारण गोटी डब्यातच आहे, आणि ते त्याला दिसलंय. त्याला दिसलंय म्हणजे जगाला दिसलंय. आणि मग चार-साडेचारच्या सुमाराला कधीतरी, कुणी न शिकवता, तेच मूल म्हणतं, टोपलीत. मी सदनातल्या मुलांबरोबर हा खेळ खेळले होते आणि प्रत्येक वेळी माझ्या अंगावर काटा आला होता. एका मुलानं तर आधी डब्याकडे बोट केलं, मग हात हवेत थांबवला, आणि डोळे मोठे करून सावकाश ते बोट टोपलीकडे वळवलं. मी त्या पोराला उचलून गरगर फिरवलं होतं.

शेवंतीला मी समोर बसवलं. डॉक्टर दाराशी उभे राहिले. मी ठकीला चालवलं, गंपूला चालवलं, गोटी इकडची तिकडे केली.

"शेवंती, ठकी आली हं परत. ठकी गोटी कुठे शोधेल? बोट दाखव."

शेवंतीनं माझ्याकडे बघितलं. ना टोपलीकडे, ना डब्याकडे.

मी पुन्हा सगळा खेळ केला. पुन्हा विचारलं. तिनं ठकीला उचललं, तिचा फ्रॉक सारखा केला, तिला टोपलीत निजवलं आणि वर झाकण लावलं. मग उठून बाहेर निघून गेली.

डॉक्टर काही बोलले असते तर मी भांडले तरी असते. त्यांनी नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि ते चहाला गेले.

मी जमिनीवर तशीच बसून राहिले. डोळ्यांत पाणी येत होतं आणि त्याचाच राग येत होता. शेवटी बाहुल्या आवरायला उठले. ठकीला टोपलीतून काढलं, गंपूच्या शेजारी कपाटात बसवलं. माझं कपाट दाराच्या मागे होतं. दार उघडं टाकलं की मी आणि कपाट दोघंही दाराआड.

बाहेरून सरांची शिट्टी ऐकू येत होती. वाट बघायला लागली म्हणून त्यांनी मुलांना अंगणात गोळा केलं होतं. एक लांब शिट्टी म्हणजे पळा, दोन आखूड म्हणजे दगड होऊन जागच्या जागी थांबा. मुलं किंचाळत होती, हसत होती. दाराच्या फटीतून मला दिसलं, शेवंतीनं मुंग्या सोडल्या होत्या. ती सरांच्या पायाशी उभी राहून मान वर करून शिट्टीकडे बघत होती. सर वाकले, शिट्टी तिच्या हातात दिली. तिनं ती उलटीसुलटी केली, आतला दाणा हलवून बघितला, आणि परत दिली.

मग चहाची हाक आली. मुलं आत पळाली. सरांनी गळ्यातली शिट्टी काढून ओसरीच्या खुंटीला अडकवली आणि ते हातपाय धुवायला मागे नळावर गेले.

मी पुन्हा कपाटाकडे वळणार, तेवढ्यात शेवंती ओसरीवर आली. तिनं मागे नळाकडे बघितलं. पाण्याचा आवाज येत होता. तिनं चवड्यांवर उभं राहून खुंटीवरची शिट्टी काढली. निळी दोरी मुठीत गोळा केली, आणि सरळ माझ्या खोलीत आली.

मी श्वास रोखला. मी दाराआड होते, तिला दिसत नव्हते. तिनं माझ्या टोपलीचं झाकण उचललं, शिट्टी आत ठेवली, झाकण लावलं. दोन्ही हातांनी नीट दाबलं. आणि बाहेर गेली.

हे झालं नुसतं लपवणं. तेवढ्यानं मी हुरळले नसते. कुत्रंसुद्धा हाड पुरतं. खरी गोष्ट पुढे घडली, आणि इतकी वर्षं झाली तरी ती माझ्या डोळ्यांपुढे जशीच्या तशी आहे.

शेवंती पळून गेली नाही. टोपलीपाशी थांबली नाही. ती चालत जाऊन रिकाम्या खुंटीखाली उभी राहिली, भिंतीला पाठ लावून. आणि वाट बघू लागली.

पाण्याचा आवाज थांबला. सर रुमालानं हात पुसत आले. ते हौसाताईंशी काही बोलत होते, खुंटीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. बोलता बोलता त्यांनी सवयीनं हात वर केला. शेवंतीनं दोन्ही तळवे तोंडावर दाबले. सरांची बोटं खुंटीवर आली, रिकामीच मिटली, आणि सर वळून बघू लागले. शेवंतीचे खांदे गदगद हलत होते.

तिला माहीत होतं! शिट्टी टोपलीत आहे हे तिला माहीत होतं, आणि सर ती खुंटीवर शोधणार हेही तिला माहीत होतं. माझ्या ठकी-गंपूच्या खेळातला अवघड प्रश्न तिनं सोडवला होता, तोही बाहुल्यांवर नाही, एका सहा फुटी माणसावर. आणि नुसता सोडवून ती थांबली नव्हती. उत्तर बरोबर येतंय का, ते बघायला पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली होती!

माझ्या छातीत असं काही धडधडायला लागलं की मला वाटलं, दारापलीकडे ऐकू जाईल.

"माझी शिट्टी कुठं गेली?" सर म्हणाले. "आत्ता इथं अडकवली होती मी. हौसा, तू काढलीस का?"

"म्या कशाला काढू?"

सरांनी खाली बघितलं. खुंटीखाली शेवंती होती, आता अगदी गंभीर.

"बाळ, तू बघितलीस का शिट्टी? कुणी नेली?"

मी दाराची कड घट्ट धरली. आता ती सरांना हाताला धरून टोपलीपाशी आणेल, असं मला वाटलं. लहान मुलं तेच करतात. लपवतात आणि लगेच दाखवून टाकतात, त्यांना राहवत नाही.

शेवंतीनं क्षणभर विचार केला. मग दोन्ही हात बाजूला पसरले आणि पंखांसारखे वरखाली केले. बोटांची चोच करून हवेत काहीतरी उचललं. आणि कडुनिंबाच्या शेंड्याकडे बोट दाखवलं.

"कावळा?" सर चकित होऊन म्हणाले. "कावळ्यानं नेली?"

तिनं जोरात मान डोलावली. डोळ्यांत डोळे घालून.

आणि ते सरळ मनाचे कवायतीचे मास्तर खरोखर अंगणात उतरले, कपाळावर हात आडवा धरून कडुनिंबात बघू लागले. "चकाकणारी वस्तू दिसली की नेतात ते," म्हणाले, "शाळेत एकदा चमचा नेला होता." आणि इकडेतिकडे लांब काठी शोधू लागले.

मला आणखी धीर धरवेना. मी दार ढकलून ओसरीवर आले आणि ओरडत आरवाडेबाईंच्या खोलीकडे धावले, "डॉक्टर! डॉक्टर, या! ती खोटं बोलली! शेवंती खोटं बोलली!"

डॉक्टर कपबशी हातात घेऊनच बाहेर आले. मागोमाग आरवाडेबाई.

"काय झालं? कोण बोललं?" बाईंनी विचारलं. "शेवंती बोलली?"

"बोलली नाही बाई, पण खोटं बोलली! सरांची शिट्टी तिनं लपवली आणि कावळ्यानं नेली म्हणून सांगितलं!"

बाईंचा चेहरा काळवंडला. सदनातली मुलं खरं बोलली पाहिजेत, यावर त्यांनी आयुष्य घालवलं होतं.

"म्हणजे चोरी. आणि वर खोटेपणा," त्या म्हणाल्या. "आणि तू नाचतेस काय हेमांगी? पाहुण्यांची वस्तू ती! सर, मी माफी मागते तुमची. शेवंती, इकडे ये आधी."

"तिला रागावू नका!" मी मध्ये उभी राहिले. "बाई, खोटं बोलायला काय लागतं सांगू? शिट्टी कुठे आहे ते मला माहीत असलं पाहिजे. तुम्हाला ते माहीत नाही, हे मला कळलं पाहिजे. आणि मी जे सांगेन ते तुमच्या डोक्यात जाऊन बसेल, हेही कळलं पाहिजे. माझं डोकं वेगळं, तुमचं वेगळं! ज्याला हे उमगलं नाही ते मूल खोटं बोलूच शकत नाही. चार वर्षांच्या पोरांना हे जमलं की आम्ही मानसशास्त्रवाले पेढे वाटायचेच तेवढे बाकी ठेवतो. आणि ही तर बोलता येत नसताना खोटं बोलली! कावळा तिनं मनानं रचला! चोचीसकट!"

डॉक्टरांनी कपबशी कठड्यावर ठेवली.

"तू स्वतः पाहिलंस? लपवताना?"

"माझ्या डोळ्यांनी. आणि लपवून ती खुंटीखाली जाऊन उभी राहिली डॉक्टर. सर तिथेच शोधणार, हे तिला ठाऊक होतं. हाच तर माझा बाहुल्यांचा खेळ! मघाशी माझ्यासमोर ती तो खेळली नाही, कारण ठकीला काय वाटेल याच्याशी तिला काय देणंघेणं? पण सरांची फजिती बघायची होती तिला."

सर काठी हातात धरून थांबले होते. झाडाकडे बघत होते, मग शेवंतीकडे, मग माझ्याकडे.

"मग शिट्टी आहे कुठं?" त्यांनी विचारलं.

"माझ्या टोपलीत. या, दाखवते."

सगळे माझ्या खोलीत आले. डॉक्टर, बाई, सर. दाराशी हौसाताई, आणि त्यांच्या मागे पदराआड शेवंती. माझ्या आयुष्यातला पहिला मोठा शोध मी लोकांसमोर मांडत होते. टोपली मी खोलीच्या मधोमध आणली आणि झाकण उचललं.

टोपली रिकामी होती.

मी ती उलटी केली. झटकली. पत्र्याचा डबा उघडला. त्यात नुसती गोटी. कपाट उघडलं. ठकी आणि गंपू शेजारी शेजारी बसून माझ्याकडे बघत होते.

"इथेच होती," मी म्हणाले. "मी पाहिलं होतं. इथेच ठेवली तिनं."

आरवाडेबाईंनी सुस्कारा सोडला. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर मघाचीच ती कीव परत आली होती. जिचा जीव गुंतलाय त्या मुलीला हवं ते दिसलं, असं त्यांना वाटत असणार. आणि एका क्षणापुरतं मलाही तसंच वाटलं. खरंच पाहिलं का मी? की दाराआड रडता रडता रचलं सगळं? छातीतली धडधड तीच होती, पण आता ती भीतीची होती.

"हौसाताई," डॉक्टर मऊपणे म्हणाले, "तुम्ही ओसरीवरच होतात ना सगळा वेळ? मुलीनं काही उचललेलं पाहिलंत?"

हौसाताईंनी डॉक्टरांकडे सरळ बघितलं.

"न्हाई बा," त्या म्हणाल्या. "म्या तितंच बसले हुते. तिनं कशाला हात लावला न्हाई." आणि थोडं थांबून, अगदी शांतपणे, "कावळा मातूर लई मोठा हुता."

मी झटकन त्यांच्याकडे वळले. त्यांचा उजवा हात पदराखाली पोटाशी धरलेला होता. मूठ मिटलेली. आणि पदराच्या काठाखालून निळ्या दोरीचं टोक लोंबत होतं.

मी डॉक्टरांना बोलवायला धावले तेव्हा ओसरीवर कोण होतं? सर झाडाकडे बघत होते. मी ओरडत होते. शेवंतीकडे बघायला कुणीच नव्हतं, एका माणसाशिवाय. त्या गडबडीत पोरगी परत खोलीत गेली होती, शिट्टी काढली होती, आणि सदनातल्या इतक्या माणसांतून एकाच माणसाच्या हातात नेऊन दिली होती. जगाला फसवायचं होतं, पण या एकीला फसवायचं नव्हतं. या एकीला तिनं आपल्या बाजूला घेतलं होतं. आणि हौसाताईंनी कुणाला काही न विचारता ती मूठ मिटली होती.

दोरीकडे बोट दाखवायची गरजच नव्हती. डॉक्टरांना ती दिसली होती. आरवाडेबाईंनाही दिसली, त्यांनी तोंड उघडलं, आणि डॉक्टरांनी हळूच हात वर करून त्यांना थांबवलं. ते गुडघ्यांवर हात टेकवून वाकले, पदराआडच्या चेहऱ्याच्या पातळीवर आले.

"काय गं शेवंती," त्यांनी विचारलं, "केवढा होता कावळा?"

शेवंतीनं हौसाताईंकडे वर बघितलं. हौसाताईंनी चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. मग पोरगी पदरामागून पुढे आली आणि तिनं दोन्ही हात पुरेपूर ताणून पसरले, बोटांच्या टोकांपर्यंत, एवढा, एवढा मोठा.

डॉक्टर घैसास हसायला लागले. असे हसले की त्यांना भिंत धरावी लागली, चष्मा काढून डोळे पुसावे लागले. मीही हसत होते, रडत होते, दोन्ही एकदम. बघता बघता आरवाडेबाईंनीही तोंडाला पदर लावला.

"बाई," डॉक्टर श्वास घेत म्हणाले, "सोमवारच्या गाडीला नको म्हणून कळवा. मी चुकलो होतो. साफ चुकलो होतो. हेमांगी, तुझा तो खेळ मला शिकव."

फक्त मगदूम सर हसत नव्हते. वीस वर्षांचा संसार केलेल्या आपल्या बायकोकडे ते टक लावून बघत होते. तिच्या मुठीकडे, त्या निळ्या दोरीकडे. मला एकदम धास्ती वाटली. हा शिस्तीचा माणूस. मुलगी चोर निघाली, बायकोनं तोंडावर खोटं सांगितलं, तेही चार लोकांसमोर.

"हौसा," ते म्हणाले.

"काय?"

"खरंच कावळ्यानं नेली?"

"सांगितलं न्हवं? तुमचा विश्वास नसंल तर बगा झाडावर चढून."

सरांनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मिशीच्या कडेला काहीतरी हललं.

"मग नेली तर नेली," ते म्हणाले. "दुसरी घेऊ." आणि माझ्याकडे वळले. "ताई, पोरीला समज आहे का, असं विचारत होतो मी मघापासनं. आता या दोघींपुढं माझी पुरते का, ते बघायला लागणार."

दत्तकाचं कोर्टातलं सगळं पार पडायला पावसाळा सरला. दसऱ्याच्या आधी शेवंती तासगावला गेली. त्या वेळीही ती बोलत नव्हती, आणि ती कधी बोलेल का, हे मला, डॉक्टरांना, कुणालाच सांगता येत नव्हतं.

त्यानंतर संक्रांत होऊन गेल्यावर एका भर दुपारी हौसाताई एकट्याच सदनात आल्या. एसटीतून उतरून धावत आल्यासारख्या. केस विस्कटलेले, हातात पेढ्यांचा पुडा. ओसरीवर चढायच्या आधीच त्यांनी मला हाक मारली.

"ताई! आवं ताई! तोंड उघडा आधी!"

"कशाचे पेढे?"

"पोरगी बोलली! काल सांजच्याला! माझ्या लोणच्याची बरणी फुटली, सगळं घर तेलानं माखलं. म्या इचारलं, कुणी फोडली गं ही? तर माझ्याकडं बघून धडधडीत बोलली! सगळं वाक्य बोलली!"

"काय बोलली?" मी त्यांचे दोन्ही खांदे धरले. "हौसाताई, काय बोलली?"

त्यांनी अख्खा पेढा माझ्या तोंडात कोंबला. त्यांचे डोळे भरून वाहत होते आणि हसू काही केल्या आवरत नव्हतं.

"खोटं," त्या म्हणाल्या.